लांब कुणीही फेकेल

चेंडू हवेत गेला की सगळ्यांच्या माना वर जायच्या आणि काकांची खाली. तुम्ही कधी मैदानाच्या कडेला उभं राहून खेळाऐवजी बघणाऱ्यांकडे बघितलंय का? पन्नास माणसं तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघत असतात. त्या गर्दीत बुटका, माकडटोपी घातलेला एक माणूस हात पाठीमागे बांधून भलतीकडेच, पार तिकडे धावणाऱ्या गड्याच्या बुटांकडे बघत उभा असायचा. ते आमचे काका. चेंडू किती लांब गेला हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागायचं, आणि ते विचारायचेही नाहीत. टाळ्या ओसरल्या की सावकाश म्हणायचे, "लांब कुणीही फेकेल. पुढे काय?"

काका आता नाहीत, आणि मला लीड्स सोडून पुण्यात परत येऊनही बरीच वर्षं झाली. पण परवा माझ्या भाच्याने गच्चीवरून प्लॅस्टिकचा चेंडू भिरकावला आणि सगळं घर "वाऽ" म्हणालं, तेव्हा माझ्या तोंडून तेच वाक्य निघून गेलं. भाचा रुसला. त्याची समजूत काढता काढता काकांची आठवण झाली आणि मीच हसत सुटले. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दोन हजारच्या दशकाच्या मधली वर्षं ती. मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायला वर्क परमिटवर लीड्सला गेले होते. सहा महिन्यांचं काम चार वर्षं चाललं, सॉफ्टवेअरची कामं चालतात तशीच. काकांचं घर माझ्या मागच्या गल्लीत. ते मूळचे नागपूरचे, सत्तरच्या दशकात आलेले, आणि हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये हाडं मोडलेल्यांना प्लास्टर घालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अर्ध्या लीड्सचे हातपाय त्यांनी बांधले आणि सोडवले होते. रस्त्यात कुणी दिसलं की नाव आठवायचं नाही, पण "डावं मनगट, दोन जागी" हे आठवायचं.

आमची ओळख झाली महाराष्ट्र मंडळाच्या तिळगूळ समारंभात. तिथे नव्या माणसाला ठरलेले तीन प्रश्न असतात: कंपनी कुठली, व्हिसा कधीपर्यंत, आणि घरचे स्थळं बघतायत का. तिन्हींची उत्तरं देऊन मी दमले होते. तेवढ्यात काकांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "शाळेत काय खेळायची तू?"

"खो-खो," मी म्हटलं. "जिल्ह्यापर्यंत."

"किती वर्षं?"

"अकरा."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघणं सोडून माझ्या पायांकडे बघायला सुरुवात केली. मला जरा रागच आला. "धावता धावता मागे वळते का?" त्यांनी विचारलं.

"काका, खो-खोत मागे वळत नाहीत. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तशीच. खांदा वळला की फाऊल."

माणूस इतका खूश झालेला मी क्वचितच बघितलाय. त्यांनी हाक मारून काकूंना बोलावलं, "अहो, इकडे या, ही वळत नाही म्हणते." काकू आल्या, माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "झालं. आता तुझे रविवार गेले ग बाई." मग काकांनी विचारलं, "या रविवारी मोकळी आहेस?"

मला वाटलं, स्थळ आहे. खोटं कशाला सांगू, मी त्या रविवारी इस्त्रीचा कुर्ता घातला, टिकली लावली, आणि काकांबरोबर निघाले. त्यांनी मला नेलं ते पार्काच्या मागच्या चिखलाच्या मैदानावर. तिथे हेल्मेट आणि खांद्यावर उशा बांधलेले तीसेक धिप्पाड गडी एकमेकांवर आदळत होते. स्थळ म्हणून बघायला गेलं तर चॉइस भरपूर होता.

तो होता अमेरिकन फुटबॉल. तो अमेरिकेत खेळतात, आपल्याकडे नाही, आणि इंग्लंडमध्येही फारसा नाही. पण लीड्समध्ये हौशी गड्यांची एक टीम होती. कुणी प्लंबर, कुणी नर्स, कुणी शाळामास्तर, आणि त्यांचा कोच गॅरी हा छप्पर दुरुस्त करणारा. काही वर्षांपूर्वी त्यांच्यातला एक गडी काकांकडे हाड जोडायला आला, काका त्याची चौकशी करायला मैदानावर गेले, आणि जे गेले ते तिथलेच झाले. आधी ते फक्त खांदे बघायचे. मग खांदे बघता बघता फेक बघायला लागले, आणि हळूहळू नवा फेकणारा घ्यायचा तर गॅरी त्यांना विचारल्याशिवाय घेईना.

फेकणारा म्हणजे क्वार्टरबॅक. काकांनी मला तो खेळ दोन वाक्यांत समजावला. "हा मधे उभा राहते आणि फेकते. तो तिकडे धावत सुटते आणि झेलते. बाकीचे वीस जण नुसते एकमेकांना ढकलून राहिले, त्यांच्याकडे लक्ष देऊ नको." पुढे चार वर्षं मी त्या खेळाचे नियम वाचले, व्हिडिओ बघितले, पण खरं सांगते, यापेक्षा जास्त मला आजही कळत नाही.

लांबची फेक हा त्यातला सगळ्यात देखणा प्रकार. चाळीस-पन्नास यार्डांवर गडी पळतोय आणि चेंडू वरून त्याच्या हातात उतरतो. ही फेक कशी जोखायची यावर काकांचं शास्त्र होतं. बाकी सगळे विचारायचे, किती लांब गेला? काका विचारायचे, धावणारा थांबला का? झेलण्यासाठी त्याला पाऊल आखडावं लागलं, मागे वळावं लागलं, उडी मारावी लागली, तर त्यांच्या लेखी फेक वाया. "चेंडू खोटं बोलते," ते म्हणायचे. "वर गेला की सगळेच चेंडू छान दिसते. पाय खोटं बोलत नाहीत." आणि मग प्रत्येक फेकीनंतर निवाडा व्हायचा. एक तर "चूक फेकणाऱ्याची", नाही तर "चूक धावणाऱ्याची". तिसरं काही नाही. गॅरीपासून सगळ्यांना ही दोन मराठी वाक्यं पाठ झाली होती. त्यांच्या तोंडी ती ऐकताना माझी हसून मुरकुंडी वळायची.

पण मी गेले त्या वर्षी काकांचे दिवस बरे नव्हते. आदल्या वर्षी त्यांनी निवडलेला क्वार्टरबॅक सपशेल पडला होता. जानेवारीतल्या पावसामुळे त्याची परीक्षा एका बंद हॉलमध्ये झाली होती. तिथे त्याने एकाही धावणाऱ्याला पाऊल आखडू दिलं नाही, म्हणून काकांनी पास केलं. मग तो उघड्यावर आला आणि आमच्या यॉर्कशर परगण्याच्या वाऱ्याने त्याचे चेंडू कुठल्या कुठे नेले. एकही मॅच जिंकली नाही. सांगायला गेलं तर तो ऐकून घेईना. मैदानावर कुजबुज सुरू झाली, की म्हाताऱ्याची नजर गेली.

काकांनी हे मला स्वतःच सांगितलं, परतताना बसस्टॉपवर. "गॅरी चांगला माणूस आहे. तोंडावर काही बोलत नाही. पण परवा म्हणून राहिला होता, की मॅचच्या दिवशी चहाच्या टेबलाकडे कुणीतरी भरवशाचं पाहिजे." त्यांनी टोपी कानांवर ओढली. "या वेळी चुकलो ना, तर मला चहा ओतायला उभं करतील. टेबल भिंतीला लागून आहे. तिथून मैदान दिसत नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्ही चुकणार नाही." ते म्हणाले, "तुला या खेळातलं काय समजते?" तेही खरंच होतं.

आणि मार्चमध्ये ब्रॅड आला.

ब्रॅड अमेरिकन. सहा फूट चार इंच, दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले, काही कामासाठी वर्षभर लीड्सला आलेला. कॉलेजात क्वार्टरबॅक होता म्हणे. पहिल्या दिवशी त्याने मैदानाच्या एका टोकाला उभं राहून चेंडू फेकला तो दुसऱ्या टोकाचं कुंपण ओलांडून कुणाच्या तरी परसात गेला. गॅरीने हातातलं सँडविच खाली टाकलं. सगळे टाळ्या वाजवत सुटले. मीही वाजवल्या, आता कुर्ता घालून नव्हते तरी.

काकांनी विचारलं, "कोण धावत होतं?"

"कुणीच नाही," गॅरी म्हणाला. "पण तुम्ही बघितलं का ते?"

"लांब कुणीही फेकेल," काका इंग्रजीत म्हणाले. त्यांच्या इंग्रजीत ते आणखी तुसडं वाटायचं.

लीगकडे नाव कळवायची शेवटची तारीख पुढच्या रविवारनंतरचा सोमवार. गॅरी तर त्याच संध्याकाळी फॉर्म भरायला निघाला होता. काकांनी एक रविवार मागून घेतला. गॅरीने दिला, पण डोकं खाजवत म्हणाला, "याला तुमच्या शब्दावर घेतो किंवा सोडतो. पण या वेळी नीट बघा." या वाक्यात चहाचं टेबल होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

आता गंमत बघा. तो रविवार म्हणजे मंडळाची पाडव्याची पिकनिक. मंडळाला हॉल मिळाला नव्हता, म्हणून पार्कात गुढी उभारायची असं ठरलं होतं, मार्चअखेरच्या त्या गारठ्यात. आणि काका मंडळाचे क्रीडा-प्रमुख. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, दोरीखेच, सगळं त्यांच्याकडे. पिकनिक सोडता येईना आणि ब्रॅडही सोडता येईना. दोन दिवस ते विचार करत हिंडले. मग गुरुवारी ऑफिसात माझा फोन वाजला. "दोन्ही एकत्र करू," काका म्हणाले. "वारा पण आहे, गुढी पण आहे. आणि तू आहेस."

तर अशा रीतीने एका अमेरिकन क्वार्टरबॅकची निवड-चाचणी लीड्सच्या मंडळाच्या गुढीपाडव्याला झाली. ब्रॅड वेळेवर आला, गॅरीला घेऊन. काकूंनी दोघांनाही कुंकू लावलं आणि कडुलिंबाच्या पानांची चटणी चाटवली. ब्रॅडच्या चेहऱ्यावरचं हसू त्या चटणीने पहिल्यांदाच उतरवलं. काकांनी गुढीकडे बोट दाखवून त्याला सांगितलं, "ते कापड बघायचं. वारा कुठून आहे ते तेच सांगेल." बांबूवरची जरीची हिरवी साडी नुसती फडफडत होती. ब्रॅडने मान डोलावली. त्याला वाटलं असावं, हे सगळं या खेळासाठीच उभं केलंय.

मग काकांनी माझ्या हातात चमचा दिला. त्यावर एक हिरवं लिंबू.

"हे काय?"

"दातात धर आणि धाव. फार जोरात नको, लयीत. हात पुढे कर, ओंजळ करून. मान वर करायची नाही, लिंबू पडेल. मागे वळायचं नाही, तुला वळताच येत नाही. फेक बरोबर असेल तर चेंडू ओंजळीत येईल आणि लिंबू चमच्यात राहील."

"आणि नसेल तर?"

"तर डोक्यात बसेल," काका म्हणाले. "पण चामड्याचा आहे, दगडाचा नाही."

मी बी.ई. कॉम्प्युटर. माझ्या आईवडिलांनी काय काय स्वप्नं बघून मला परदेशी पाठवलं होतं. आणि मी दातात चमचा धरून, हातांची ओंजळ करून, पार्कातल्या ओकच्या झाडाच्या दिशेने धावत सुटले. मंडळाची पन्नास-साठ माणसं घोंगड्या अंगावर घेऊन बघत होती.

पहिली फेक माझ्या डोक्यावरून गेली, पुढे गेली, आणखी पुढे गेली आणि श्रीखंडाच्या पातेल्यात पडली. काकूंनी तीन दिवस दही टांगून चक्का केला होता. काकूंनी पातेल्यातून चेंडू काढला, पदराला पुसला आणि ब्रॅडकडे चालत जाऊन त्याच्या हातात दिला. "इलायची घातलीय त्यात," एवढंच म्हणाल्या. गॅरी हसता हसता गवतावर बसला.

"चूक फेकणाऱ्याची," काकांनी जाहीर केलं.

दहा फेकी ठरल्या होत्या. दुसरी माझ्या पाठीत बसली. तिसरी कुत्र्याने नेली. चौथी, पाचवी, सहावी, कुठे कुठे गेल्या ते मला दिसतच नव्हतं, मला फक्त मागून लोकांचे उसासे ऐकू यायचे आणि मग काकांचा आवाज. चूक फेकणाऱ्याची. चूक फेकणाऱ्याची. सातव्या फेकीनंतर मी परतले तेव्हा ब्रॅडचा चेहरा पडला होता. गॅरी आता हसत नव्हता. काकाही गंभीर होते. मला वाटलं, हा पोरगा गेला, टीम गेली, आणि काका टेबलामागे गेले. आणि या सगळ्याला माझा हा मूर्ख चमचा कारण झाला.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ते ब्रॅडकडे चालत गेले. मीही गेले, चमचा हातात घेऊन.

"तू फेकताना काय पाहून राहिला?" त्यांनी विचारलं. इंग्रजीतच विचारलं, पण माझ्या कानात ते असंच आहे.

"तिच्याकडे," ब्रॅड म्हणाला. "ती वळून बघेल याची वाट बघतो. सगळेच झेलणारे वळतात. वळले की फेकायचं."

"ही वळणार नाही."

"कधीच?"

"अकरा वर्षं वळलेली नाही," काका म्हणाले. "तू तिची वाट नको पाहू. ती आत्ता कुठे आहे ते नको पाहू. ती जाऊन पोचेल तिथे फेक, आणि सोडून दे. ती पोचते."

ब्रॅडने माझ्याकडे बघितलं. गुढीकडे बघितलं. मग झाडाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याने पायाने थोडी माती उकरली आणि म्हणाला, "ओके."

आठवी फेक. मी अर्ध्यात पोचले आणि कुणाच्या तरी बाळाने मला बघून टाळ्या पिटल्या. मला हसू फुटलं. चेंडू आला तो अगदी ओंजळीवर आला, पण ओंजळ तिथे नव्हती आणि लिंबू तर केव्हाच गेलं होतं.

"चूक धावणाऱ्याची," काका ओरडले. त्या आवाजात जे होतं ते ऐकून मी सावरले. आनंदाला शिस्तीचं कुलूप लावल्यासारखा आवाज होता तो.

नववी फेक. मी धावतेय, ओंजळ पुढे, नजर झाडावर. आणि वरून कुणीतरी हळूच ठेवावा तसा चेंडू माझ्या हातात येऊन बसला. मी थांबले नाही. झाडाला हात लावून परत फिरले तेव्हा बघितलं, लिंबू चमच्यात. दहाव्या फेकीला पुन्हा तेच. मंडळाने असा गजर केला की पलीकडच्या वाटेवरचे लोक थांबून बघायला लागले. दातात चमचा असल्यामुळे मला ओरडता येईना, म्हणून मी नुसत्या उड्या मारल्या आणि मग मात्र लिंबू पडलं.

गॅरीने काकांना गाठलं. त्याच्या हातात फॉर्म होता. "दहातले दोन," तो म्हणाला. "अवघे दोन. मला खरं सांगा. घेऊ का?"

काकांनी टोपी काढली, टकलावरून हात फिरवला, टोपी परत घातली. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर निदान चूक झाली असं कुणी म्हणू शकलं नसतं. मला वाटलं, ते नाहीच म्हणणार.

"घे," काका म्हणाले.

"दहातले दोन?"

"पहिले सात मी मोजलेच नाहीत. ते त्याला कुणी न सांगता फेकलेले. सांगितल्यानंतरचे तीन पाहिले. तिन्ही बरोबर होते, एक हिच्यामुळे गेला. गेल्या वर्षीच्याला सगळं येत होतं, पण सांगितलं तर ऐकून घेत नव्हता. हा ऐकते." मग मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "चुकलो तर चहा ओतीन. चहा काही वाईट नसते."

पहिली मॅच एप्रिलात, घरच्या मैदानावर. भिंतीला लागून ते टेबल मांडलं होतं, वर चहाचा मोठा बंब. टेबलापाशी कुणी उभं नव्हतं. ते कुणासाठी मोकळं ठेवलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच तिकडे बघत नव्हतं. काकू आणि मी काकांच्या दोन बाजूंना. काकूंनी मुद्दाम थर्मासमधून आपला चहा आणला होता. "यांना त्या टेबलाजवळ जायला निमित्तच नको," त्या मला म्हणाल्या.

मी तुम्हाला सगळी मॅच सांगणार नाही, कारण मलाच ती कळली नाही. इतकं कळलं, की हाफ-टाइमपर्यंत आपण हरत होतो आणि ब्रॅडने दोन चेंडू थेट समोरच्या टीमच्या हातात दिले होते. एक गडी आमच्या शेजारून जाता जाता मोठ्याने म्हणाला, "पिकनिकमधून माणसं निवडली की असंच होणार." काकांनी ऐकलं. त्यांचे पाठीमागे बांधलेले हात मला दिसत होते. एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताचं मनगट दाबत होता, प्लास्टर घालताना नाडी बघतात तसा.

मॅच संपत आली. आपण चार गुणांनी मागे. ब्रॅडने चेंडू घेतला, दोन पावलं मागे गेला, आणि मैदानाच्या कडेला आमचा एक गडी, शाळामास्तर, सुसाट सुटला. समोरच्या टीमचा एक जण त्याच्या मागे. मास्तर वळला नव्हता. अजून वळला नव्हता. आणि ब्रॅडने त्याची वाट न बघता चेंडू सोडला.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. माझीही जाणार होती, पण मी ती अडवली आणि काकांकडे बघितलं. काका मास्तरच्या बुटांकडे बघत होते. मी आयुष्यात एवढ्या जवळून कुणाचा चेहरा बघितला नसेल. आधी तो दगडासारखा होता. मग ओठ हलले.

"थांबला नाही," काका म्हणाले.

चेंडू अजून हवेत होता. शपथेवर सांगते, अजून हवेत होता. त्यानंतर कुठे लोक ओरडले, बाकांवर नाचले, गॅरीने कुणाला तरी उचललं, काकूंनी मला मिठी मारली आणि थर्मासचं झाकण कुठेतरी गेलं. जिंकलो आम्ही. पण काकांना ते सगळ्यांच्या आधी दोन सेकंद कळलं होतं, आणि त्यांच्यानंतर मला.

त्या गोंधळात काका दिसेनात. शोधलं तर टेबलामागे उभे. बाह्या वर करून बंबाचा नळ सोडून ओळीने चहा भरत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही इथे कशाला? तुम्ही तर जिंकलात."

"म्हणूनच," ते म्हणाले. "आता कुणी उभं केलं म्हणून नाही उभा. धर हा कप, ब्रॅडला दे. साखर जास्त आहे सांग." त्यांचे डोळे भरले होते. बंबाच्या वाफेने भरले असं मला सांगितलं, आणि मी मानून घेतलं.

पुढची तीन वर्षं दर गुढीपाडव्याला नव्या गड्यांची चाचणी पार्कात व्हायची. मंडळाच्या पत्रकात ते रीतसर छापून यायचं: गुढीपूजन, श्रीखंड-पुरी, क्वार्टरबॅक. ब्रॅडचं लीड्समधलं एक वर्ष वाढत वाढत तीन झालं, आणि त्याला कडुलिंबाची चटणी आवडायला लागली होती, निदान तो तसं म्हणायचा. श्रीखंडाचं पातेलं मात्र काकू चाचणी संपेपर्यंत गाडीत ठेवायच्या.

मग काकांचे गुडघे गेले. त्यांची मुलगी कार्डिफला डॉक्टर आहे. ती म्हणाली, आता जिने नकोत, दोघं माझ्याकडे चला. काका नको म्हणत होते. मला म्हणाले, "तिकडे रग्बी खेळतात. त्यांच्यात पुढे फेकताच येत नाही. मी तिथे काय पाहू?" जायचं ठरलं तो रविवार होता. सामान आधी गेलं होतं. मुलगी गाडी घेऊन आली आणि काका म्हणाले, पार्कावरून घे.

गॅरी, ब्रॅड, मास्तर, सगळे तिथे होते. निरोपाचं कुणालाच नीट जमेना. यॉर्कशरचे लोक आणि पुण्याचे लोक याबाबतीत सारखेच असतात, म्हणजे कामाचे नसतात. गॅरीने काकांच्या पाठीवर थाप मारली आणि हवामानाबद्दल बोलला. काकूंनी मला पर्समधून एक चमचा काढून दिला. लिंबू गॅरीने आणलं होतं.

मी चमचा दातात धरला आणि धावले. मैदानाला लागून रस्ता आहे. मुलीने गाडी सुरू केली आणि ती त्या रस्त्याने माझ्या बाजूबाजूने हळूहळू यायला लागली. खिडकी खाली होती. काका माझ्या पायांकडे बघत होते. मला माहीत होतं ते, बघायची गरज नव्हती. पुढे रस्ता वळतो तिथे गाडी जाणार आणि मी सरळ झाडाकडे जाणार. मला वळून बघायचं होतं. इतकं कधीच वाटलं नव्हतं. आख्ख्या अकरा वर्षांत नाही. पण मी खांदा वळवला नाही.

चेंडू आला. ओंजळीत, अलगद, एक पाऊलही आखडावं लागलं नाही. ब्रॅडने आयुष्यात याहून चांगली फेक केली नसेल. पण माझे डोळे भरून आले होते, हनुवटी थरथरत होती, आणि लिंबू चमच्यातून घरंगळून गवतात गेलं.

गाडी वळणावर पोचली होती. खिडकीतून माकडटोपी बाहेर आली.

"चूक धावणाऱ्याची," काका ओरडले, आणि गाडी गेली.